चालेल ना?

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन मुंबईसारख्या शहरात जायचं ठरलं की घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटात गोळा येतो. साहजिकच आहे. पण माझं निरीक्षण असं, की तयारी सगळी मुलांची होते. दुधाची बाटली, बिस्किटं, तापाचं औषध, जास्तीचे दोन कपडे, आणि गाडीत रडायला लागली तर मोबाईलवर काय लावून द्यायचं तेसुद्धा ठरलेलं असतं. म्हाताऱ्यांच्या नावापुढे एकच ओळ असते, 'औषधं आठवणीने घ्यायला सांगणे'. मुलाला शू लागली तर ते सांगतं, नाही नेलं तर रडतं, फारच उशीर झाला तर जागच्या जागी करून मोकळं होतं. म्हातारं माणूस यातलं काहीच करत नाही. त्याला कुणी विचारलं, "आई, एवढं चालेल ना?" की ते म्हणतं, "चालेल." झालं! कार्यक्रम पक्का.

आता हा 'चालेल' शब्दच बघा. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे खोड आहे म्हणा हवं तर. विचारणाऱ्याच्या मनात असतं 'सोयीचं होईल ना', आणि उत्तर देणाराही तेवढ्याच अर्थानं 'चालेल' म्हणून टाकतो. खरोखर किती पावलं चालवेल, किती पायऱ्या चढवतील, हे गुडघ्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मी स्वतः त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि ह्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. म्हणजे घरच्या यादीत 'म्हातारी माणसं' या सदरात आम्ही दोघं मोडतो. गेल्या डिसेंबरात मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि आम्ही अशी सहा माणसं मुंबईला जाऊन आलो. त्याच्या तयारीत दीड-दोन महिने गेले. बऱ्याच जणांनी फोनवर विचारलं, या वयात एवढं कसं जमवलंत? तेव्हा म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या भागात 'मुंबईला जातो' म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "काऊन? कोन बिमार हाय?" ही थट्टा नाही. दिग्रस-पुसदकडची कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा मुंबई बघतात ती काखेत फाईल धरून, परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्या पेशंटांची आणि त्यांच्या माणसांची राहायची सोय होते. गाडगेबाबा आपल्या अमरावतीकडचेच. आपल्या माणसानं तिकडे केवढी सोय करून ठेवलीय, हे तिथे राहून आलेल्याला विचारा. सांगायचा मुद्दा असा की नुसती मजा करायला मुंबईला जाणं ही आमच्या पिढीला चैन वाटते. आणि चैनीच्या खर्चात आपल्यापायी आणखी भर नको, म्हणून म्हातारी माणसं जास्तच गप्प बसतात. टॅक्सी नको, बसनं जाऊ. खोली साधी चालेल. चहा नको, आत्ताच तर घेतला. हे सगळं त्या 'चालेल'मध्ये आलं.

ह्याचं टोक मी पाहिलेलं आहे. १९८६ सालची गोष्ट. तेव्हा बेत आखणारे आम्ही होतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार, आणि बरोबर सासूबाई. उन्हाळ्याची सुट्टी. गिरगावात एका नातेवाइकांच्या चाळीत उतरलो होतो. दोन खोल्या, त्यात त्यांची पाच आणि आमची पाच माणसं. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक, सकाळी रांग. सासूबाईंनी जन्मात कधी रांग लावून ह्या कामाला गेल्या नव्हत्या. गावाकडे पहाटे अंधारात जाऊन यायचं, ही सवय. मुंबईत त्या पहाटे साडेतीनला उठायला लागल्या. आम्हाला वाटलं, नवीन जागा, झोप येत नसेल.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग, तिथून म्युझियम आणि संध्याकाळी गेटवे असा बेत होता. मे महिन्यातली मुंबई! अंगाला घामाच्या धारा. मुलांना दिवसातून पाचदा विचारलं जात होतं, शू लागली का, तहान लागली का. सासूबाईंना असं विचारायची रीतच नव्हती, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं. पाण्याचा तांब्या पुढे केला की म्हणायच्या, "मले काई नाई लागत. तुमी लेकराईचं पाहा." संध्याकाळी गेटवेसमोर समुद्र बघता बघता त्या मटकन खाली बसल्या. डोळे पांढरे. एका सरबतवाल्यानं पळत येऊन तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखर घालून लिंबाचं पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत. कोण होता कोण जाणे. टॅक्सीत घालून चाळीत आणलं, डॉक्टर आले, म्हणाले अंगात पाणीच उरलेलं नाही.

रात्री त्या हळूच मला म्हणाल्या, "इथं कुठी जाव बाई, एवढ्या माणसाईत? म्हून पानीच नाई पेली म्या." आदल्या रात्रीपासून त्या जवळजवळ कोरड्या होत्या. मूर्तिजापूरला गाडीत बसल्यापासूनच त्यांनी पाणी तोडलं होतं.

पुढचे दोन दिवस त्या पडूनच होत्या. सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं त्यांच्या मनात होतं, ते राहिलं ते राहिलंच. नंतर कुणी विचारलं, म्हातारे, मुंबई पाहिली का? तर हसून सांगायच्या, "पाह्यली ना. चाळीतला संडास आन् गेटवे."

बायकांचं हे पाणी तोडणं काही सासूबाईंपुरतं नव्हतं. मुंबईत तर २०११ च्या सुमारास बायकांनी 'राइट टू पी' नावाची चळवळच उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, तेही स्वच्छता असेल तर नशीब, ह्यावर त्यांनी आवाज उठवला. नाव ऐकून आमच्याकडे काही जण हसले होते. मला अजिबात हसू आलं नाही.

वय झालं की तहानेची जाणीवच मुळी कमी होते, हे आता आमचे डॉक्टरही सांगतात. म्हणजे 'मला तहान नाही' हे म्हातारं माणूस खोटं बोलत नसतं. आणि आता गोळ्यांची भानगड आहे. रक्तदाबाच्या पुष्कळ माणसांना लघवी जास्त होण्याची गोळी असते, मलाही आहे. प्रवासाच्या दिवशी ती गोळी गुपचूप न घेणाऱ्या निदान चार बायका मला माहीत आहेत. ओळखीतल्या एका बाईंनी लग्नाच्या प्रवासात तीन दिवस गोळी टाळली. त्यांना हृदयाचाही त्रास होता. पायांना सूज, धाप, आणि वऱ्हाड लग्नघरी तर ह्या दवाखान्यात. ह्यांच्या साखरेच्या गोळीचं उलटं आहे. गोळी वेळेवर घेतली आणि दर्शनाच्या रांगेत जेवण दोन तास लांबलं, की साखर उतरून हातपाय थरथरायला लागतात. म्हणून निघण्याआधी आम्ही दोघंही डॉक्टरांकडे दिवसाचा कार्यक्रम कागदावर लिहून घेऊन गेलो. त्यांनी माझ्या गोळीची वेळ बदलून दिली आणि ह्यांना खिशात गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवायला सांगितले. पाच मिनिटांचं काम.

तर डिसेंबरच्या बेताबद्दल. मुलानं फोन करून विचारलं, "आई, एका दिवसात राणीची बाग, सिद्धिविनायक आणि चौपाटी, चालेल ना?" मी म्हटलं, थांब. चालेल की नाही हे मी असं सांगणार नाही, तू नीट प्रश्न विचार. न बसता किती मिनिटं चालता येतं? किती पायऱ्या एका दमात? रात्री किती वेळा उठावं लागतं? कमोडच लागतो की साधा चालतो? कोणती गोळी जेवणाआधीची? तो जरा गडबडला. आईबापाला असे प्रश्न विचारायचा मुलांना संकोच वाटतो, विशेषतः वडिलांना. मग मीच ही प्रश्नपत्रिका काढली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी पाचही प्रश्नांपुढे एकच उत्तर लिहिलं, 'सोयीनुसार'. मी पेपर परत केला. दुसऱ्यांदा आकडे आले. वीस मिनिटं. पंचवीस पायऱ्या, कठडा असेल तर. रात्री तीनदा. हे आकडे मिळाल्यावर बेत आपोआप ठरत गेला. एलिफंटा पहिल्याच झटक्यात गेलं, तिथे शंभरावर पायऱ्या आहेत आणि बोटीत चढ-उतार वेगळीच.

मग जायचं कशानं? आमच्या दिग्रसला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली आणि नकाशावर दिग्रसही आहे. हे म्हणतात, आली की पहिल्या गाडीनं नांदेडला जाऊन गुरुद्वारा बघून येऊ. बघू या. मुलाच्या मनात होतं समृद्धी महामार्गानं गाडी काढावी. कारंजाला चढलं की थेट भिवंडीजवळच्या आमण्याला उतरायचं. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर सलग झालेत. रस्ता छान आहे, वाद नाही. पण इतके तास पाय दुमडून बसणं आमच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि तीन वर्षांच्या पोरीच्या स्वभावालाही. खासगी स्लीपर बसचं नाव मी काढूच दिलं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ ह्याच महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ माणसं झोपेतच गेली, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. रोज शेकडो बस सुखरूप जातात, मला कळतं. तरी नको.

राहता राहिली आगगाडी. लोक सवयीनं मूर्तिजापूर किंवा अकोल्याला जातात. पण मधल्या स्टेशनवर गाडी थांबणार काही मिनिटं. तेवढ्यात आपला डबा कुठे येतोय ते बघा, दोन मुलं चढवा, दोन म्हातारे चढवा, सहा डाग चढवा. त्यापेक्षा आम्ही थोडं लांब पडलं तरी जीपनं अमरावतीला गेलो. तिथून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते आणि सुटण्याआधी फलाटाला लागलेली असते. सावकाश चढलो, बिछाने घातले, नातीला सगळ्या खिडक्या मोजू दिल्या. आणि ही गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच संपते, त्यामुळे उतरायचीही घाई नाही. शिवाय तिथे फलाटाच्या टोकालाच बाहेर पडता येतं, पूल चढावा लागत नाही. दादरला उतरलं असतं तर जिने होतेच. म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन निघालेल्यांना माझा एवढाच सल्ला आहे, की गाडी जिथून सुटते तिथे बसा आणि जिथे संपते तिथे उतरा. तासभर जास्त जातो, जाऊ द्या.

रिझर्व्हेशनमध्ये एक गंमत आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायका ह्यांच्यासाठी प्रत्येक डब्यात खालचे काही बर्थ राखीव असतात. पण त्या तिकिटावर फक्त असे एक किंवा दोनच प्रवासी असले पाहिजेत. आपण कौतुकानं सगळ्या घराचं एकच तिकीट काढतो, सहा माणसं एकत्र, आणि तिथेच तो हक्क जातो. मग वडिलांना वरचा बर्थ, आणि रात्रभर लोकांना विनवण्या. मुलानं आमच्या दोघांचं तिकीट वेगळं काढलं, त्यांचं वेगळं. डबा वेगळा येण्याचा धोका असतो. आमचा एकच आला, पण वेगळा आला असता तरी खालचा बर्थ महत्त्वाचा. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला शिडी चढ-उतार करायला लावणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. त्या दिवशी सकाळी आठला मुलगा फोन धरून बसला होता.

ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. पुरुषांना चाळीस टक्के आणि बायकांना पन्नास टक्के मिळायची. ह्यांना अजून तो राग आहे. त्यातून सहा वर्षांच्या नातवाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं, आणि बर्थ नको तर अर्धं. आजोबा म्हणाले अर्धं काढा, माझ्याजवळ झोपेल. बाप म्हणाला पूर्ण काढू. बरं झालं बापाचं ऐकलं, कारण तो पोरगा झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. एसटीत मात्र आमची चैन आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, म्हणून हे फुकट. मी पासष्टीच्या पुढची म्हणून अर्धी आणि २०२३ पासून बाई म्हणूनही अर्धी. दोन अर्ध्या मिळून मलाही फुकट व्हायला हवं, पण कंडक्टर ऐकत नाही.

ही गाडी मुंबईत पहाटे पोचते आणि लॉजची खोली दुपारी बाराला मिळते. मधले सहा-सात तास काय करायचं, हे बेतात कुणी लिहीत नाही. तरुण मंडळी स्टेशनवर तोंड धुऊन फिरायला निघतात. आम्ही आदल्या रात्रीपासूनच खोली घेतली, म्हणजे पोचल्यावर आंघोळ, चहा आणि दोन तास आडवं होणं. ह्यावर ह्यांनी घरी बराच वाद घातला होता. जी रात्र आपण गाडीत काढणार तिचे पैसे लॉजवाल्याला कशाला? माझं म्हणणं, ते पैसे खोलीचे नाहीतच. पहिला दिवस नीट जावा ह्याचे आहेत. माझ्या पेन्शनमधून दिले, विषय संपला.

खोली घेताना सुनेनं फोनवर तीन गोष्टी विचारल्या. लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का (कित्येक जुन्या इमारतींत पाच-सहा पायऱ्या चढल्यावर लिफ्ट सुरू होते!), कमोड आहे का, आणि बाथरूमला उंबरा किती. तिसरा प्रश्न तिला सुचला ह्याचं मला फार कौतुक वाटलं. मी तरी तिला सांगितला नव्हता.

टर्मिनसवर उतरल्यावर चाकाच्या खुर्चीचा प्रश्न आला. मोठ्या स्टेशनांवर ती मागता येते. पण हे शाळेत कवायत शिकवायचे. पस्तीस वर्षं 'सावधान' म्हणणारा माणूस खुर्चीत बसून ढकलला जाणार? अशक्य. तो फलाट केवढा लांब आहे! डबा शेवटी लागलेला. शंभर पावलं गेल्यावर ह्यांचा चेहरा बदलला, मी बघत होते, पण बोलले नाही. तेवढ्यात नात पेंगुळून रडायला लागली. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही हिला मांडीवर घेऊन खुर्चीत बसाल का? माझे हात भरून आलेत." बसले! खुर्ची नातीसाठी मागवली, असंच अजून सांगतात. मीही तसंच सांगते.

मुंबईतले दिवस आम्ही असे आखले होते की जेवणाआधी एकच ठिकाण. दुपारी सगळ्यांनी झोपायचं, मुलांनीही आणि आम्हीही. संध्याकाळी कुठेतरी बसायचं. बसायचं म्हणजे खरंच बसायचं, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. मुलगा म्हणाला एवढ्या लांब येऊन निम्मं बघून परत? पण दोन्ही टोकांची वयं एकाच वेळी थकतात, एकाच वेळी भुकेजतात, हे त्यालाही दुसऱ्या दिवशी दिसलं. नातीची आणि आजोबांची झोपायची वेळ मिनिटाला जुळते.

आणखी एक सांगते, जरा कडू आहे. 'आईबाबा आहेतच की मुलांजवळ' असं गृहीत धरून बाहेर पडणारी जोडपी मी पाहिली आहेत. म्हाताऱ्यांना मुंबई दाखवायला आणायचं आणि लॉजच्या खोलीत नातवंडं सांभाळायला ठेवायचं, ह्याला काय म्हणावं? आमच्याकडे मुलगा-सून एका संध्याकाळी नाटकाला गेले. घरूनच ठरवून आणि आम्हाला विचारून. आम्ही आनंदानं थांबलो. मुलांना वरणभात भरवला, मी गोष्ट सांगितली, हे गोष्टीत आधी झोपले. विचारून मागितलेलं कुणाला जड होत नाही.

नातवाला लोकलमध्ये बसायचंच होतं. रविवारी गर्दी कमी म्हणून लोक रविवार निवडतात, पण त्या दिवशी मेगाब्लॉक असतो आणि गाड्या कमी. आम्ही मंगळवार धरला, कारण बुधवारी राणीची बाग बंद. तिथे आम्ही दोन तुकड्या केल्या. बाप-लेक सकाळी टर्मिनसवरून रिकाम्या लोकलनं भायखळ्याला गेले, त्या वेळी गर्दी उलट्या दिशेनं येत असते. बाकी आम्ही टॅक्सीनं. लोकल स्टेशनात पुरतं अर्धा मिनिटही थांबत नाही, आणि डबा नि फलाट ह्यांतली फट बघितली की माझ्या पोटात कालवतं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे, असं कुठे आहे?

सिद्धिविनायकाला मात्र मेट्रोनं गेलो. भुयारी, कुलाब्याची, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली. खाली उतरायला लिफ्ट, गाडीत चढताना पायरी नाही. एका स्टेशनाचं नाव आचार्य अत्रे चौक आहे, ते ऐकून मी उगीचच खूश झाले. मंदिराच्या जवळच स्टेशन. दर्शन झाल्यावर मी एक नारळ सासूबाईंच्या नावानं ठेवला. हे म्हणाले, कुणाचा? मी म्हटलं, तुमच्या आईचा. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

राणीच्या बागेत आम्ही दार उघडायलाच हजर होतो. पेंग्विन बघायचे हे नातवाचं वर्षभराचं तुणतुणं. २०१६ पासून ते तिथे आहेत, काचेमागे, गारेगार. नातू काचेला नाक लावून उभा, आणि आजोबा त्या थंडाव्यात उभे, दोघंही हलायला तयार नाहीत. बाहेर आलो, दहा-पंधरा मिनिटं चाललो असू, तेवढ्यात हे स्वतःहून थांबले आणि म्हणाले, "मला आता बसायचंय. आणि आधी बाथरूमला जायचंय." मोठ्यानं, सगळ्यांसमोर. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य मी बाहेरगावी पहिल्यांदा ऐकलं. नातू लगेच म्हणाला, "मला पण."

दोघं एकमेकांचा हात धरून गेले. परत आल्यावर बाकावर बसून आम्ही लाडू खाल्ले, बाटली सगळ्यांत फिरली, मीही घटाघटा प्यायले. मुलगा नकाशा बघून म्हणाला, वाघ अजून बरेच पुढे आहेत, काय करायचं?

"वाघ काय," हे म्हणाले, "आपल्या टिपेश्वरला आहेत की."